दुसरा तारा

चौतीस वर्षं मी पोरं मोजली.
उंची, वजन, हाताची लांबी,
चाळीस यार्ड धावायला लागणारे सेकंद,
आणि शेवटी एका चौकोनात तारे, एक ते पाच.
आभाळाला विचारून नव्हे.
मोटेलच्या पलंगावर बसून, गार सँडविच खात.

कॅन्ससच्या पश्चिमेला, जिथं रस्ता
वळायचंच विसरून गेलाय,
तिथल्या शाळेच्या मैदानावर पाहिला मी कीलन ट्रॉटर.
नोव्हेंबर. वारा असा की
झेंड्याच्या दोरीचा आकडा खांबावर
टण टण टण, सामनाभर.
लाइनबॅकर. पाच फूट दहा.
मी लिहिलं: पाय जड. हात आखूड.
चेंडूपाशी वेळेवर पोचतो, पण योगायोगाने.

योगायोगाने! एका संध्याकाळी अकरा वेळा.
अकलेचे तारे तोडावेत तर असे,
छापील फॉर्मवर, तारखेसह, सहीनिशी.

त्याच आठवड्यात टेक्सासात
ब्रॅनसन ह्यूलेटला पाच दिले. पुरे पाच.
काय धावायचा तो!
गवताला कळायचंसुद्धा नाही, कोण गेलं.
कॉलेजात दुसऱ्या वर्षी एक गुडघा, तिसऱ्या वर्षी दुसरा.
आता अमरिलोत गारपिटीचा विमा विकतो.
नाताळला कार्ड पाठवतो मला, न चुकता,
मुलींच्या फोटोसकट.
त्या पाचांचं वजन किती, हे मी कधी लिहिलं नाही.
फॉर्मवर तसला रकाना नव्हता.

कीलनला कुणीच बोलावलं नाही.
तो आपणहून गेला, कर्ज काढून, फी भरून.
दोन वर्षं सरावाला, बाकीच्यांनी धडकायला म्हणून.
जर्सीवर नाव नाही. डोळ्यांपुढे मात्र
रोज तारे, माझ्यापेक्षा सढळ हाताने दिलेले.
रात्री तो सामन्यांच्या चित्रफिती बघायचा,
आवाज बंद करून, एकाच जागी नजर लावून:
समोर ओणव्या उभ्या गार्डची जमिनीला टेकलेली बोटं.
पेरं पांढरी पडली तर भार पुढे,
म्हणजे धाव येणार.
पेरं गुलाबी, तर तो मागे सरणार, म्हणजे फेक.
एवढंच.
शाळेतही तो हेच करत होता.
मी त्याचे पाय बघत होतो,
तो बोटं बघत होता.

चौथ्या वर्षी कर्णधार. शेवटचा सामना,
शेवटचं मिनिट, रेषेपासून एक यार्ड.
चेंडू निघायच्या आधीच तो तिथं,
पाहुणा यायच्या आधी
दारात उभ्या राहिलेल्या घरमालकासारखा.
ऐंशी हजार माणसं उठली.
मी घरी, टीव्हीसमोर, बसूनच राहिलो.

परवा ओमाहात एका शाळेच्या जिममध्ये भेटला.
आता पोरांना शिकवतो. कॉफी आणून दिली, म्हणाला,
“ते दोन तारे तुमचेच ना, सर?”
मी माफीची वाक्यं जुळवू लागलो.
त्यानं हातानंच थांबवलं.
“पहिला समजतो. पहिला सगळ्यांनाच मिळतो.
दुसरा कशाबद्दल होता?”

खरं सांगायचं तर
त्या संध्याकाळी खाऊच्या टपरीत एक बाई उभी होती,
कानटोपी, फुटलेले ओठ.
मी कोण, तिला ठाऊक नव्हतं.
माझे हात थरथरताना दिसले, म्हणून
कागदी पेला पुढे केला, पैसे घेतले नाहीत.
मागून कुणीतरी हाक मारली, “मिसेस ट्रॉटर!”
रात्री मोटेलात एक तारा काढून झाला होता.
पेन तसंच राहिलं कागदावर.
मग अजून एक काढला.

“तुझ्या हातांबद्दल,” मी म्हणालो. “पकड चांगली होती.”

त्यानं आपले हात पाहिले नाहीत,
माझा चेहराही नाही.
पेल्याभोवती आवळलेल्या
माझ्या बोटांकडे पाहिलं,
आणि हसला.